बांधणारे झाड, उलगडणारी बुरशी

विल्यम कर्टिस हा अठराव्या शतकातला लंडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ. परदेशांतून येणाऱ्या नवलाईच्या झाडांमागे सगळे धावत असताना त्याने आपल्याच शहराच्या आसपास, माळावर आणि कुंपणाकडेला आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींची चित्रे आणि वर्णने छापायला घेतली. त्या ग्रंथात 1781 साली त्याने एका तांबूस, चकचकीत, वार्निशचा हात दिल्यासारख्या दिसणाऱ्या बुरशीची नोंद केली आणि तिला ‘बोलेटस ल्युसिडस’ असे नाव दिले. बरोबर शंभर वर्षांनी, 1881 मध्ये, फिनलंडच्या पेटर कार्स्टेन यांनी या बुरशीसाठी स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. तिचे नाव गॅनोडर्मा.

स्थानिक वनस्पतींच्या त्या ग्रंथात कर्टिसचे पैसे बुडाले. मग त्याने 1787 मध्ये बागेतल्या शोभिवंत झाडांसाठी ‘बोटॅनिकल मॅगझिन’ काढले, आणि ते चालले. तो 1799 मध्ये वारला, तरी मासिक टिकले. विल्यम हुकर संपादक असताना, 1829 साली, याच मासिकात मादागास्करमधल्या एका झाडाचे रंगीत चित्र आणि वर्णन प्रसिद्ध झाले. बोहेमियात जन्मलेले आणि मॉरिशसला स्थायिक झालेले निसर्गअभ्यासक वेन्सेस्लास बोयेर यांना ते मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर दिसले होते. लालभडक फुलांनी डवरलेले ते झाड म्हणजे आपला गुलमोहर.

एकाच माणसाच्या दोन प्रकाशनांतून शास्त्रीय जगात आलेले हे दोन जीव आज महाराष्ट्राच्या शहरांत एकाच खोडात भेटतात. या प्रकरणात त्यांना शेजारी ठेवून पाहायचे आहे. एक खुलासा मात्र आधी केलेला बरा. भारतात ज्याला सरसकट ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ म्हटले जाते त्यात एकसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती मिसळलेल्या आहेत. चीनमध्ये ‘लिंगझी’ म्हणून हजारो वर्षे औषधात मानाचे स्थान असलेली बुरशीसुद्धा कर्टिसच्या बुरशीहून वेगळी आहे असे ठरून 2012 मध्ये तिला नवे नाव मिळाले. म्हणून पुढे मी नुसते ‘गॅनोडर्मा’ म्हणणार आहे.

गुलमोहर आपल्याकडे इतका रुळला आहे की तो परका आहे हे कोणाच्या मनात येत नाही. साताऱ्यात 1 मे हा दिवस गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो. गुलमोहराच्या आंबट पाकळ्या चघळलेल्या नाहीत, त्याच्या वाळलेल्या शेंगांची तलवार करून लढाई केलेली नाही, असे मराठी बालपण शहरात तरी विरळाच. एकोणिसाव्या शतकात तो भारतात आला आणि शंभर-सव्वाशे वर्षांत शाळेच्या, कचेरीच्या, रेल्वे स्थानकाच्या आवारात घरचा होऊन बसला.

त्याचे मूळ रान मात्र मादागास्करच्या पश्चिमेकडचे, कोरडे, पानगळीचे. तिथे चुनखडीची जमीन आहे आणि वर्षातले बरेच महिने पाऊस नाही. गुलमोहराच्या अंगाची सगळी ठेवण त्या रानाला साजेशी आहे. कोरड्या दिवसांत पाने गाळून तो पाणी वाचवतो. पालवी पूर्ण येण्याआधीच फुलतो, त्यामुळे फुलांच्या आड पान येत नाही. पाऊस लागला की पाने झरझर येतात. एकेक पान हातभर लांब, आणि त्यात नखाएवढ्या पर्णिका हजारभर सहज भरतात. उन्हासाठी तो उंच जाण्यापेक्षा आडवा पसरतो. दहा-पंधरा मीटर उंचीच्या झाडाचा घेर उंचीहून मोठा असतो. मुळेही तशीच, खोल न जाता जमिनीच्या वरच्या थरात दूरवर धावणारी. फुलात पाच पाकळ्या, त्यांतल्या चार लाल, आणि पाचवी पांढरट-पिवळी, लाल ठिपक्यांची. दहा लांब पुंकेसर. सगळे काही लांबून दिसावे अशा बेताने मांडलेले.

गॅनोडर्माचे याच्या अगदी उलट. त्याचे जे आपल्याला दिसते, बुंध्याशी पावसाळ्यात आलेली ती तपकिरी-तांबडी, पांढऱ्या काठाची अर्धगोल छत्री, ते त्याचे फळ आहे. खरे शरीर लाकडाच्या आत असते: केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढे बारीक धागे, एकमेकांत गुंतलेले, खोडातून आणि मुळांतून मीटर-मीटर पसरलेले. या धाग्यांना कवकतंतू म्हणतात आणि त्यांच्या जाळ्याला कवकजाल. या शरीराला ठरलेला आकार नाही, अवयव नाहीत, तोंड नाही, पोट नाही. तंतूचे टोक पुढे सरकते, आपल्या बाहेर पाचक रस सोडते आणि तिथल्या तिथे विरघळलेले अन्न शोषून घेते. आपण अन्न पोटात घेऊन पचवतो. बुरशी अन्नाच्या पोटात शिरून पचवते.

या दोघांना एकाच पुस्तकात, एकाच ‘वनस्पतिशास्त्र’ विषयाखाली शिकवायची पद्धत फार वर्षे चालली. रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 मध्ये सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली तेव्हा कवकांना स्वतःची सृष्टी मिळाली; आठवी-नववीच्या मुलांना ती आज पाठ असते. त्यानंतर जनुकांचा अभ्यास वाढला आणि आणखी एक गोष्ट पक्की झाली. बुरशीचे नाते झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचे आहे. तिच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या नसून कायटिनच्या असतात, म्हणजे खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पंखात जे द्रव्य असते त्याच्या. तिचा साठवणीचा पदार्थ पिष्ट नसून ग्लायकोजेन, जो आपल्या यकृतात असतो. गुलमोहराच्या खोडात वाढणारा गॅनोडर्मा हा नात्याने गुलमोहरापेक्षा त्या खोडाला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाच्या जवळचा आहे. मला हे सत्य पहिल्यांदा कळले त्या दिवसापासून बुंध्यावरच्या छत्रीकडे ‘झाडावर आलेले काहीतरी’ म्हणून पाहणे शक्य झालेले नाही.

पुनरुत्पादनातही दोघांचे मार्ग पार निराळे. गुलमोहराच्या एकाच फुलात पुंकेसर आणि बीजांडकोश दोन्ही. परागण झाले की हात-दीड हात लांबीची चपटी शेंग धरते, ती वर्षभर झाडावर लटकत राहते, आणि आतल्या मोजक्या बियांना इतके टणक कवच असते की रोपवाटिकेत त्यांना गरम पाण्यात भिजवल्याशिवाय उगवणीचा भरवसा नसतो. झाड थोडी बी देते, पण प्रत्येक बीबरोबर शिदोरी बांधून देते. गॅनोडर्मा शिदोरी देत नाही, संख्या देतो. छत्रीची खालची पांढरी बाजू भिंगातून पाहिली तर त्यात असंख्य बारीक छिद्रे दिसतात. ती नळ्यांची तोंडे. या नळ्या जमिनीच्या दिशेने उभ्या असाव्या लागतात, कारण बीजाणू नळीच्या भिंतीवरून सुटून सरळ खाली पडतात. गॅनोडर्माच्याच एका मोठ्या जातीच्या छत्रीतून दिवसाला सुमारे 3,000 कोटी बीजाणू बाहेर पडतात आणि हे सहा महिने चालू राहते, असा हिशेब विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला गेला. छत्रीच्या आसपास गवतावर, दगडावर, कधी छत्रीच्या स्वतःच्या पाठीवर कोको पसरल्यासारखी तपकिरी भुकटी दिसते, ती हीच.

यांतला बहुतेक प्रत्येक बीजाणू वाया जातो. एखादा ताज्या जखमेवर पडतो, रुजतो, एक धागा निघतो. या धाग्याच्या पेशीत एकच केंद्रक असते. त्याला जोडीदार हवा, पण इथे नर आणि मादी असे दोनच पक्ष नसतात. जुळणीचे प्रकार पुष्कळ असतात आणि आपल्याहून वेगळा प्रकार भेटला की जमते. दोन धागे एक होतात. त्यांची केंद्रके मात्र एक होत नाहीत. ती एकाच पेशीत शेजारी शेजारी राहतात, पेशी वाढते तशी दोन्ही वाढतात, आणि असा दोन केंद्रकांचा संसार वर्षानुवर्षे खोडाच्या अंधारात चालतो. ती एकमेकांत मिसळतात फक्त छत्रीच्या त्या नळ्यांत, बीजाणू तयार होण्याच्या क्षणी.

आता मुख्य विषय, लाकूड.

लाकूड म्हणजे काय हे समजायला कोकणातली जुनी कुडाची भिंत डोळ्यांपुढे आणावी. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि त्यांवर शेणमातीचा लेप द्यायचा. काठ्या ताण घेतात, लेप त्यांना जखडून ठेवतो. लाकडात काठ्यांच्या जागी सेल्युलोज असते, साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब सरळ साखळ्या. लाकडाच्या कोरड्या वजनात त्यांचा वाटा साधारण 40 ते 50 टक्के. त्यांना धरून हेमिसेल्युलोज. आणि लेपाच्या जागी लिग्निन, 20 ते 30 टक्के. या लिग्निनमुळेच झाड ताठ उभे राहते, त्याच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या चेपत नाहीत आणि आतली साखर किडामुंगीच्या सहज हाती लागत नाही.

सेल्युलोज तोडणे अवघड असले तरी त्याला शिस्त आहे. एकच कडी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे तिला बसणारे विकर एकदा सापडले की काम होते. लिग्निनला शिस्तच नाही. त्याचे घटक कसेही, कुठेही जोडलेले असतात. एका ठिकाणचा बंध दुसऱ्या ठिकाणच्या बंधासारखा असेलच असे नाही. अशा पदार्थाला नेमके बसणारे विकर कुठून आणायचे? पांढरी कुज घडवणाऱ्या बुरशींनी याचे उत्तर शोधले. त्या लिग्निनला धरत नाहीत, त्याच्यावर अत्यंत क्रियाशील अशा रासायनिक कणांचा मारा करतात. हे कण लिग्निनमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि मग तो पदार्थ आतून आपोआप तुटू लागतो. एका अर्थी हे जळणेच आहे, ज्वाळेविना, साध्या तापमानाला, ओल्या लाकडात. यामागची पेरॉक्सिडेज विकरे 1983 मध्ये अमेरिकेत एका दुसऱ्या पांढऱ्या कुजीच्या बुरशीत सापडली. गॅनोडर्माचा संपूर्ण जनुकसंच 2012 मध्ये वाचला गेला तेव्हा त्यात सोळा हजारांहून अधिक जनुके निघाली, आणि लाकूड फोडणाऱ्या विकरांची कृती सांगणाऱ्या जनुकांचा त्यात मोठा साठा होता.

पण या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढेच आहे. झाड लिग्निन बनवते कसे? पेशीभित्तिकेत सुटे घटक सोडते आणि मग लॅकेज व पेरॉक्सिडेज या विकरांनी त्यांच्यातून इलेक्ट्रॉन काढून घेते. घटक क्रियाशील होतात आणि जसे जमेल तसे एकमेकांना चिकटतात. लिग्निन बेशिस्त आहे ते यामुळे. आणि बुरशी ते तोडते कशाने? त्याच कुळांतल्या लॅकेजने आणि पेरॉक्सिडेजनेच. लॅकेज हे विकर तर 1883 मध्ये हिकोरोकुरो योशिदा यांना प्रथम सापडले ते बुरशीत नव्हे, जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात. बांधण्याची आणि उलगडण्याची हत्यारे एकाच घराण्यातली आहेत. गुलमोहर आणि गॅनोडर्मा यांना रोगी आणि रोग म्हणणे मला म्हणूनच अपुरे वाटते. एकाच पदार्थाच्या आयुष्याची दोन टोके त्यांनी धरली आहेत.

सगळ्याच बुरशी असे करत नाहीत. तपकिरी कुज घडवणाऱ्या बुरशी लेपाला फारसा हात न लावता मधल्या काठ्या तेवढ्या काढून खातात. मागे उरते ते तपकिरी, चौकोनी भेगा पडलेले, बोटाने चुरडता येणारे लाकूड. गॅनोडर्माची कुज पांढरी. त्यात लेपही जातो आणि काठ्याही जातात, लाकूड फिकट, मऊ, तंतुमय, ओल्या स्पंजासारखे लागते. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री जे कुजके लाकूड हिरवट प्रकाशाने चमकते, तेही लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचेच काम.

या बुरशी नसत्या तर काय झाले असते, यावर शास्त्रज्ञांत एक चांगला वाद आहे. झाडे लिग्निन बनवायला लागली त्यानंतर बऱ्याच काळाने, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी, पांढऱ्या कुजीची विकरे उत्क्रांत झाली असे जनुकांच्या तुलनेवरून 2012 मध्ये मांडले गेले. मधल्या काळात पडलेली झाडे कुजलीच नाहीत आणि त्यांचा दगडी कोळसा झाला, अशी आकर्षक कल्पना त्यातून निघाली. 2016 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तिला हरकत घेतली. त्या काळच्या अनेक कोळसा देणाऱ्या वनस्पतींत लिग्निन फार नव्हतेच, आणि कोळसा साचला तो पाणथळ, खचत जाणाऱ्या भूभागांमुळे, असे त्यांचे म्हणणे. मला दुसरी बाजू जास्त पटते. दलदलीत ऑक्सिजन नसतो, आणि ऑक्सिजनशिवाय पांढऱ्या कुजीचे रसायनच चालत नाही. मग बुरशी असली काय नि नसली काय.

झाड या सगळ्यापुढे हात बांधून उभे राहते का? अजिबात नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी यंत्र-करवतीने हजारो झाडे उभी चिरून आतली कुज पाहिली. त्याआधीचे अभ्यासक बहुधा आडवा काप घेऊन पाहत. उभ्या कापात शायगोंना दिसले की कुज मन मानेल तशी पसरलेली नसते, तिला हद्दी असतात. 1977 मध्ये त्यांनी त्याचा सिद्धान्त मांडला. प्राण्याची जखम भरते, म्हणजे खराब पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाची जखम भरत नाही. झाड तिला कोंडून टाकते. जखमेच्या वर-खाली नळ्या बुजवते, आतल्या बाजूला आणि दोन्ही अंगांना रासायनिक आडकाठी उभी करते, आणि जखमेनंतर जे नवे लाकूड येते त्याच्या व जुन्याच्या मध्ये सर्वांत भक्कम भिंत बांधते. आतला भाग बुरशीला सोडून द्यायचा आणि बाहेरून नवे झाड वाढवत राहायचे, असा हा बेत. गाभा पोकळ झालेले शंभर वर्षांचे वडाचे किंवा चिंचेचे झाड हिरवेगार उभे असते त्याचे कारण हेच.

आणि ही पोकळी वाया जात नाही. शहरातला तांबट पक्षी घरटे कोरतो ते बहुधा कुजलेल्या, मऊ झालेल्या फांदीत; गुलमोहराच्या वाळक्या फांद्या त्याच्या आवडीच्या. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे दुसरे पक्षी येतात. मोठ्या ढोल्यांत पोपट, साळुंकी, पिंगळे. बुरशीने आधी लाकूड मऊ केले नसते तर तांबटाची चोच पुरी पडली नसती. माणसालाही या बुरशींचा उपयोग ठाऊक होता. कोकणात फणसाच्या जुन्या झाडावर येणारा लाकडासारखा टणक फणसंबा लोक जपून ठेवतात, आणि तो उगाळून घरगुती औषधात वापरण्याची रीत आहे.

गॅनोडर्माच्या बाबतीत मात्र झाडाचा तो कोंडण्याचा बेत फसू शकतो, कारण तो गाभ्यावर समाधान मानत नाही. तो मुळांतून आणि बुंध्यातून येतो, जिवंत लाकडातही शिरतो आणि नेमकी ती मुळे खातो ज्यांच्यावर सगळा भार तोललेला असतो. ताडकुळातल्या झाडांची अवस्था आणखी वाईट, कारण त्यांच्या खोडात दरवर्षी नवे लाकूड चढवणारा थरच नसतो. भक्कम भिंत बांधायची कशाने? तंजावर भागात 1952 मध्ये नारळाच्या बागांतून नोंदला गेलेला ‘तंजावर मर’ हा रोग गॅनोडर्माचाच. कर्नाटकातल्या सुपारीच्या बागांत त्याला ‘अणबे रोग’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणून बुंध्याशी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा देतात. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, बुरशीवर सोडलेली.

आता परत गुलमोहराकडे. मादागास्करच्या रानात त्याची उथळ मुळे मोकळ्या जमिनीत पसरतात. आपल्याकडे त्याला मिळते पदपथाच्या कडेचे चौकोनी भोक. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला डांबरी रस्ता, आणि मध्ये बुंध्याला चिकटून ओतलेले काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक. मुळांना हवा नाही, पाणी नाही. मग केबल येते, पाण्याची वाहिनी येते, रस्त्याचे रुंदीकरण येते, आणि प्रत्येक खोदकामात एका बाजूची मुळे तुटतात. मुळाचे प्रत्येक तुटलेले तोंड हे बुरशीसाठी दार आहे. वर फांद्यांची छाटणी होते तीही बहुतेक वेळा कुऱ्हाडीने, चिरफाळत, अर्धा हात खुंट ठेवून किंवा खोडाला लागून साल सोलत. जाहिरातीचे खिळे वेगळेच. गुलमोहराचे लाकूड मुळात हलके आणि ठिसूळ. अशात मे महिन्याअखेर वळवाचा पाऊस येतो, माती सैल होते, नवी पालवी पाण्याने जड होते, वारा सुटतो, आणि वरून हिरवे, फुललेले, निरोगी वाटणारे झाड मुळासकट आडवे होते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी मुंबईत शेकडो झाडे पडली. सगळीच कुजलेली नव्हती हे खरे, पण पडलेल्या झाडाची मुळे पाहिली तर रस्त्याच्या बाजूला मुळे जवळजवळ नाहीतच, किंवा असलीच तर काळपट, ओली, हाताने मोडणारी, हे दृश्य शहरात राहणाऱ्या कोणालाही नवे नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती झाड परदेशी असल्याची. मला हे कारण पुरेसे वाटत नाही. परदेशी म्हणून गुलमोहर पडला असता तर मोकळ्या मैदानात वाढलेले गुलमोहरही तसेच पडले असते. गॅनोडर्मा काही गुलमोहरापुरता थांबत नाही. राजस्थानात तो खेजडीला मारतो, जी त्या मातीतलीच आहे. ज्या झाडाच्या मुळांना जखमा आहेत आणि ज्याच्याजवळ त्या कोंडण्याइतकी ताकद उरलेली नाही, त्यात तो शिरतो. दोष बुरशीचा नाही आणि झाडाचाही नाही. कारवी, माती आणि लेप यांची भिंत जशी पायथ्याशी पाणी लागले की ढासळते तसे आपण या झाडांच्या पायथ्याशी करून ठेवले आहे, आणि त्याची शिक्षा कधी रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसाला होते.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून टाकण्याचा आदेश दिला होता. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनासाठी 1975 पासून कायदा आहे आणि त्याखाली वृक्ष प्राधिकरणे आहेत. कायद्याचा उपयोग झाड तोडण्याची परवानगी देण्या-नाकारण्यापुरता होतो. त्याच्या बुंध्याभोवती हातभर माती मोकळी राहिली की नाही हे पाहायला कोणी जात नाही, आणि मला हे फार चुकीचे वाटते.

छाटणीबाबत शायगोंनी जे सांगितले ते साधे आहे. फांदी जिथे खोडातून फुटते तिथे थोडी सुजल्यासारखी कड असते. करवत त्या कडेच्या बाहेरून चालवावी. कड शाबूत राहिली तर झाड जखमेभोवती नवे लाकूड नीट गुंडाळू शकते. कड कापली किंवा पुढे लांब खुंट ठेवला तर कुजीला रस्ता मिळतो. मोठ्या जखमेवर डांबर फासल्याने कुज थांबत नाही, हेही त्यांनी झाडे चिरून दाखवले.

तुमच्या सोसायटीत, शाळेच्या आवारात, रोजच्या वाटेवर गुलमोहर असेल तर पावसाळ्याच्या आधी एकदा आणि पावसाळ्यात अधूनमधून त्याच्या बुंध्याकडे खाली वाकून पाहा. जमिनीलगत तांबडी, चकचकीत, पांढऱ्या काठाची छत्री दिसली तर ती खरवडून टाकू नका. खरवडल्याने फक्त खूण जाते, आतले जाळे तसेच राहते, आणि पुढच्या माणसाला कळायचा मार्ग बंद होतो. तिचा फोटो घ्या आणि पालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा. जाणकार माणूस लाकडी हातोडीने बुंधा ठोकून आत पोकळी कुठवर गेली आहे याचा अंदाज घेऊ शकतो, आणि ध्वनिलहरींनी तपासणारी यंत्रेही आता उपलब्ध आहेत. कधी घेर हलका करून झाड वाचते, कधी ते काढावेच लागते. नवे झाड लावाल तेव्हा त्याच्या बुंध्याभोवती चारही बाजूंनी निदान एक मीटर माती उघडी सोडा, आणि पुढे कोणी त्यावर सिमेंट ओतायला आले तर त्याला तिथेच थांबवा.